खाली दुकान, वर घर… आणि कागदावर कोण?

परवा आसनगाव स्टेशनवरून शहापूरला जाताना रिक्षात दोघीजणी भेटल्या. विषय होता नव्या कॉम्प्लेक्सचा. खाली दुकानं, मधे ऑफिसं आणि दवाखाना, वर फ्लॅट. "जिना उतरलं की बाजार!" एकीने कौतुकाने सांगितलं.

मला राहवलं नाही. विचारलं, "दुकान कोणाच्या नावावर घेताय?"

"ह्यांच्या."

"आणि फ्लॅट?"

"माझ्या. एक टक्का वाचतो ना!"

हिशेब बरोबर आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर एप्रिल २०२१ पासून आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. तीस लाखांच्या घरामागे तीस हजार! ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ही अटही २०२३ मध्ये गेली. पण नवऱ्याचं नाव जोडलं की सूट नाही. दुकानाला, ऑफिसला तर ती नाहीच.

म्हणून होतं काय, की भाडं आणणारं दुकान त्यांचं आणि हप्ते मागणारं घर आपलं! अहो, दुकानाला सूट नाहीच, मग तिथे दोघांची नावं घालायला काय हरकत आहे? शुल्क तेवढंच लागणार.

आणि घरावरचं नाव म्हणजे नुसता एक टक्का नव्हे. त्या नावाने आपण सोसायटीच्या सभासद होतो. आमच्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा धरणं आहेत. पाणी मुंबईला जातं आणि इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तिकडे मुरबाडला बारवी धरण आहे. पाण्याचं मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. एकाच टाकीवर हॉटेल, दवाखाना आणि तीस घरं असली, की कोणाला किती पाणी आणि मेंटेनन्स किती, हे सोसायटीच्या सभेत ठरतं. तिथे आपल्याऐवजी हेच जाऊन बसणार असतील, तर नाव कागदावरच राहिलं म्हणायचं.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. शहापूर-मुरबाडकडे बिल्डरांची नजर आहेच. तेव्हा मैत्रिणींनो, करारनामा वाचल्याशिवाय सही करू नका, त्याची प्रत आपल्या कपाटात ठेवा आणि सभेची नोटीस आली की स्वतः जा. एका छपराखाली सगळं मिळतंय, तर त्या छपरावरचा हक्कही मिळायला हवा. नाही का?