कॅमेरा खांद्यावर : मे महिन्यात वर येणारं गाव

दोस्तांनो, तुमचा पत्ता सांगा म्हटलं तर तुम्ही काय सांगाल? घर नंबर, आळी, गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी पिन कोड. बरोबर? आज मी तुम्हांला अशा एका गावाला नेणार आहे, की ज्याच्या पत्त्यात महिनासुद्धा लिहायला हवा! उन्हाळ्याच्या शेवटी, मे महिन्यात, हे गाव दिसतं. जूनमध्ये पाऊस लागला की हळूहळू दिसेनासं होतं. मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तिथे नुसतं पाणीच पाणी.

गावाचं नाव कुर्डी. गोव्याच्या दक्षिण भागात, सांगे तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी हे गाव होतं. दोन बाजूंना डोंगर आणि मधून वाहणारी साळावली नदी. भातशेती होती, नारळ, काजू, आंबा, फणस होते. देऊळ होतं आणि कपेल, म्हणजे लहानसं चर्चही होतं. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असे सगळे मिळून सुमारे ३००० लोक इथे राहत होते.

तुमच्या आईबाबांना शास्त्रीय संगीताची आवड असेल तर त्यांनी हे नाव नक्की ऐकलं असणार. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. १५ जुलै १९०४ रोजी त्यांचा इथे जन्म झाला. किशोरी आमोणकर या त्यांच्या कन्या. 'कुर्डीकर' या आडनावातलं कुर्डी आज नकाशावर शोधायला गेलात, तर तिथे निळा रंग दिसेल!

मग हे गाव पाण्याखाली गेलं कसं? १९६१ साली गोवा स्वतंत्र झाला. दक्षिण गोव्याला पिण्यासाठी, शेतीसाठी, कारखान्यांसाठी पाणी हवं होतं. त्यासाठी साळावली नदीवर धरण बांधायचं ठरलं. त्या वेळचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः कुर्डीला गेले आणि धरणाचा सगळ्या दक्षिण गोव्याला कसा उपयोग होईल, हे त्यांनी गावकऱ्यांना समजावून सांगितलं. १९७० च्या दशकात काम सुरू झालं. जवळजवळ ४३ मीटर उंच आणि सुमारे एक किलोमीटर लांब असं धरण उभं राहिलं. लोकांना जमीन आणि नुकसानभरपाई देऊन जवळच वाडे आणि वालकिणी इथे वसवण्यात आलं. १९८६ साली कुर्डी पाण्याखाली गेलं.

गावातलं एक मंदिर मात्र बुडालं नाही बरं का! कुर्डीचं जुनं महादेवाचं मंदिर एकेक दगड सुटा करून उचललं गेलं आणि धरणाजवळच्या सुरक्षित जागी पुन्हा तसंच्या तसं रचण्यात आलं. बाकीचं गाव जिथल्या तिथे राहिलं. धरणातलं पाणी वर्षभर वापरलं जातं, उन्हानंही आटतं. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पातळी खाली जाते आणि गाव डोकं वर काढतं.

आता आपल्या छंदाकडे वळू. मला ओसाड जागांचे फोटो काढायला आवडतात, हे तुम्हांला माहीतच आहे. रिकामे वाडे, बंद पडलेल्या गिरण्या, गाडी न थांबणारी स्टेशनं अशा जागा मी शोधत असतो. अशा ठिकाणी गेल्यावर मी पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवतो. आधी नुसतं चालायचं, बघायचं आणि स्वतःला विचारायचं, 'इथे काय उरलंय? आणि जे उरलं नाही, ते का उरलं नाही?'

कुर्डीत मातीच्या भिंती सापडत नाहीत. पाण्यानं त्या विरघळून गेल्या. पण जांभ्या दगडाची जोती टिकून आहेत. पायऱ्या आहेत, पाण्याचे पाट आहेत, देवळाचे अवशेष आहेत. झाडांचे काळे बुंधे उभे आहेत. लाकूड पाण्याखाली राहून कुजत कसं नाही? लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला हवा लागते आणि पाण्याखाली ती फारच कमी मिळते. त्यामुळे बुडालेलं लाकूड बरीच वर्षं टिकू शकतं. आणि जमिनीवर षटकोनी, पंचकोनी तुकड्यांची नक्षी दिसते ना, तो तळाला बसलेला गाळ. ओली माती फुगलेली असते. वाळताना ती आकसते आणि मग ठिकठिकाणी फाटते.

इथे फोटो कधी काढायचा? मे महिन्यात भर दुपारी काढलात तर हमखास फसाल. सूर्य डोक्यावर, सावल्या गायब, सगळी जमीन एकसारखी पांढुरकी दिसते. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी या. ऊन तिरपं झालं की वीतभर उंचीच्या जोत्याचीही लांब सावली पडते. एका सावलीनं खोली कळते, दुसरीनं अंगण, तिसरीनं रस्ता. बघता बघता सपाट मैदानावर गाव उमटतं! पुराणवस्तू शोधणारे शास्त्रज्ञही हीच युक्ती वापरतात. सूर्य क्षितिजाजवळ असताना विमानातून फोटो काढले, की जमिनीवर उभं राहून न दिसणारे जुने बांध आणि पाये सावल्यांमुळे ओळखू येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे फोटोत माप हवं. नुसत्या दगडाचा फोटो काढलात तर बघणाऱ्याला कळणार कसं, की तो विटेएवढा आहे की बैलगाडीएवढा? शेजारी माणूस उभा असेल तर लगेच अंदाज येतो.

हा माणूस शोधायला कुर्डीत लांब जावं लागत नाही. मे महिन्यात जुने गावकरी आपल्या मुलानातवंडांना घेऊन इथे येतात. देवळाचा उत्सव होतो, कपेलाचा सण होतो. ज्यांची घरं गेली ते सगळे एकमेकांना भेटतात. वाळलेल्या गाळावर गप्पा, हसणं, 'अरे, तू केवढा मोठा झालास!' असं सगळं चालू असतं.

असेच एक आजोबा मला तिथे भेटले. नातवाला घर दाखवत होते. घर म्हणजे काय, तर चार बाजूंचं जोतं, आणि तेही एका बाजूनं खचलेलं. नातू उडी मारून सरळ आत गेला. आजोबा मात्र तसे गेले नाहीत. ते जोत्याला वळसा घालून पुढच्या बाजूला गेले, एका जागी क्षणभर थांबले आणि तिथूनच आत शिरले. दार तिथे होतं ना! भिंत जाऊन किती वर्षं झाली, चौकट नाही, उंबरा नाही. पण आजोबा काही भिंतीतून आत जायला तयार नव्हते.

मी विचारलं, "आजोबा, तुमचा एक फोटो काढू का?"

ते म्हणाले, "माझा, की घराचा?"

"दोघांचा," मी म्हटलं.

मग ते होते तिथून उठले, दाराच्या जागी जाऊन नीट उभे राहिले आणि नातवालाही शेजारी बोलावून घेतलं. फोटो झाल्यावर त्यांनी मला सगळं घर फिरवून दाखवलं. इथे चूल, इथे पाण्याचे हंडे, इथे आमची झोपायची जागा. मला दिसत होता तो फक्त भेगाळलेला गाळ. पण ते सांगत गेले तसतशी मी चौकट बदलत गेलो आणि त्या घराचे फोटो वेगळेच आले. घरी आल्यावर मोठा प्रिंट काढून त्यांना टपालानं पाठवला. ज्याचा फोटो काढाल त्याला एक प्रत द्यायचीच, हा माझा नियम आहे.

हे मी एवढं का सांगतोय? अशा जागांना लोक पटकन 'भुताचं गाव' म्हणून टाकतात. काळेकुट्ट ढग, वाळकं झाड आणि खाली 'शापित गाव' असं लिहिलं, की फोटो खपतो. पण कुर्डीला कुणाचा शाप लागला नव्हता. दुसऱ्यांच्या घरात नळाला पाणी यावं म्हणून ते रिकामं केलेलं आहे. त्यातही दुःखाची गोष्ट अशी, की २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या बातम्यांमध्ये या विस्थापित गावकऱ्यांनी सांगितलं होतं, की आमच्या नव्या वस्तीत धरणाचं पाणी नीट पोचलेलं नाही आणि उन्हाळ्यात विहिरी आटल्या की टँकरची वाट बघावी लागते. हे माहीत असेल, तर फोटोखाली 'भुताचं गाव' असं लिहायला आपला हात धजेल का?

असंच दुसरं एक ठिकाण तमिळनाडूत आहे, रामेश्वरजवळचं धनुष्कोडी. एके काळी मद्रासहून येणारी बोट मेल गाडी थेट इथे येई आणि पुढे आगबोटीनं लोक श्रीलंकेत तलैमन्नारला जात. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री प्रचंड चक्रीवादळ आलं. समुद्र गावात शिरला. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी लाटांनी गिळली आणि तिच्यातले शंभराहून अधिक प्रवासी दगावले. पुढे सरकारनं ही जागा राहण्यास अयोग्य म्हणून जाहीर केली. आज तिथे चर्चच्या आणि स्टेशनच्या पडक्या भिंती उभ्या आहेत. पर्यटक त्या भिंतींचे फोटो काढतात. पण जवळच झोपड्यांमधून कोळी कुटुंबं राहतात, जाळी विणतात, शंखशिंपल्यांच्या माळा विकतात, ते फारसं कुणाच्या फोटोत येत नाही. 'इथे कुणीच राहत नाही' असं म्हणण्याआधी कॅमेरा जरा बाजूला करून चारी दिशांना बघायला हवं, नाही का?

आणि हो, एवढ्या लांबही जायला नको. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात पळसदेवचं पळसनाथाचं जुनं मंदिर उजनी धरणाच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की ते दिसू लागतं. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूचं असेल तर आजीआजोबांना विचारून बघा. पाण्याखाली गेलेल्या शेतांची नावंसुद्धा त्यांना पाठ असतील.

आता या आठवड्याचं काम! तुमच्या गावात किंवा शहरात वापरात नसलेली एक जागा शोधा. बुजलेली विहीर, बंद थिएटर, जुना पाणवठा, कुलूप लागलेली शाळेची खोली, काहीही चालेल. मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि तीन फोटो काढा. पहिला लांबून, म्हणजे ती जागा कुठे आहे ते कळेल. दुसरा मध्यम अंतरावरून, म्हणजे ती काय होती ते कळेल. तिसरा अगदी जवळून, एखाद्याच वस्तूचा. कडी, पायरी, भिंतीवरचा खिळा असं काहीतरी निवडा. कॅमेरा हवाच असं नाही. घरातला मोबाइल चालेल, आणि तोही मिळाला नाही तर पेन्सिलीनं चित्रं काढा. त्यानंतरचं चौथं काम सगळ्यांत महत्त्वाचं. ही जागा चालू असताना जिनं किंवा ज्यानं बघितली आहे, अशा एका व्यक्तीला शोधून विचारा, 'इथे सकाळी काय चालायचं?' उत्तर तारखेसह फोटोखाली लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच जागी उभं राहून, तोच फोटो परत काढा. काय बदललं ते दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर आपोआप कळेल.

निघण्याआधी एवढं मात्र लक्षात ठेवा :

१. एकट्यानं जायचं नाही. घरी सांगून, मोठ्यांबरोबर जायचं. जागेला मालक असेल तर आधी परवानगी घ्यायची.

२. पडक्या भिंतीवर, जिन्यावर, छपरावर चढायचं नाही. उघड्या विहिरीच्या काठाशी जायचं नाही.

३. धरणाच्या काठचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी खाली ओला असतो आणि पाय रुततो. मळलेली वाट सोडायची नाही, पाण्यात उतरायचं नाही.

४. दगडाच्या फटीत हात घालायचा नाही. साप-विंचवांना अशा जागा फार आवडतात!

५. तिथली वस्तू घरी आणायची नाही. फुटक्या कौलाचा तुकडासुद्धा नाही. तो कुणाच्या तरी घरावरचा आहे.

६. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. ते 'नको' म्हणाले तर हसून 'बरं' म्हणायचं.

आईबाबांना एक विनंती. मुलं अशी एखादी जागा शोधून आली तर 'तिथे काय बघायचंय?' असं म्हणू नका. एक रविवार सकाळ त्यांच्याबरोबर जा. कदाचित त्या जागेबद्दलची पहिली गोष्ट तुमच्याकडूनच मिळेल.

तर चला, लागा कामाला! पुढच्या आठवड्यात आपण काळोखात फोटो काढायला शिकणार आहोत. तोपर्यंत आपापली ती एक व्यक्ती शोधून ठेवा.