हॅकर व्हायचंय? आधी 'फॉर लूप' लिहा!

"तू कम्प्युटरच शिकायलीस ना बाई? मग बघ जरा, काय झालं ह्याला."

दिवाळीच्या सुट्टीत झरीला घरी गेले होते तेव्हाची गोष्ट. मोठे काका सकाळी सकाळी हातात मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभे. आदल्या दिवशी गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेतकऱ्यांच्या योजनेच्या नावाची एक फाईल आली होती. काकांनी ती दाबली, फोनने जे जे विचारलं त्याला 'हो' म्हटलं आणि झोपले. रात्रीतून सोयाबीनचे आलेले चौऱ्याऐंशी हजार रुपये खात्यातून गेले!

आता माझा थाट ऐका. मी कम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. माझ्या लॅपटॉपवर 'काली लिनक्स' आहे आणि झाकणावर ड्रॅगनचं स्टिकरसुद्धा आहे. हॉस्टेलमध्ये ज्युनिअर मुली मला 'हॅकर ताई' म्हणतात. मी काकांच्या हातातून फोन घेतला, "व्हायरस आहे, आत्ता काढते" म्हणाले आणि पाच मिनिटांत सगळा फोन फॅक्टरी रिसेट करून टाकला. फोन नव्यासारखा झाला. आजी म्हणाली, "पोरगी लई हुशार निघाली."

दुसऱ्या दिवशी परभणीला पोलिसांकडे गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे विचारलं, कोणतं ॲप होतं? त्याचं नाव काय? ओटीपीचे मेसेज कोणत्या वेळी आले? फाईल कुणाच्या नंबरवरून आली? एकाही प्रश्नाचं उत्तर फोनमध्ये नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "फोन साफ कोणी केला?"

मी खाली बघितलं. काका म्हणाले, "माझ्याच हातून झालं साहेब."

मित्र-मैत्रिणींनो, हा लेख मी त्या एका वाक्यामुळे लिहिते आहे. मी कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी, मराठी म्हणजे आठवड्याचे चार तास. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण काकांना वाचता येईल अशा भाषेतच हे लिहायचं होतं.

माझं नक्की काय चुकलं ते आधी सांगते. एक म्हणजे पहिला फोन करायला हवा होता १९३० या हेल्पलाईनला. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात, तेव्हा ते अडवायला सुरुवातीचे तासच महत्त्वाचे. ते मी 'व्हायरस काढण्यात' घालवले. दुसरं म्हणजे मला वाटलं होतं, पुसलेलं परत मिळवता येतं. पुस्तकात वाचलं होतं ना, की फाईल डिलीट केली तरी फक्त तिची नोंद जाते, मजकूर डिस्कवर तसाच राहतो! जुन्या हार्ड डिस्कच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. पण आजच्या ॲण्ड्रॉइड फोनमधला मजकूर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड असतो आणि रिसेट केला की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. घर जागेवर, पण आत जायची वाट कायमची बंद. बँकेच्या नोंदींवरून तपास चालू आहे, पण फोन नावाचा साक्षीदार मी स्वतःच्या हाताने मुका केला.

आणि तिसरी चूक सगळ्यात मोठी. मला टूल चालवता येत होती, पण ती काय करतात ते माहीत नव्हतं.

आपल्या हॉस्टेलमध्ये काय चित्र आहे? रात्री अकरानंतर कुठल्याही विंगमध्ये जा. कुणीतरी 'एनमॅप' चालवतोय, कुणी वायफायचा पासवर्ड फोडायच्या मागे आहे, कुणी 'मेटास्प्लॉइट'च्या व्हिडिओत बघून जशीच्या तशी कमांड टाकतोय. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं पळायला लागली की आपण स्वतःला मोठे समजतो. पण त्यालाच विचारा, "ही कमांड पाठवते काय, समोरून येतं काय?" उत्तर येतं, "ते माहीत नाही, पण चालतं बघ!" अशांना जगभर 'स्क्रिप्ट किडी' म्हणतात. दुसऱ्याने लिहिलेल्या स्क्रिप्टवर उड्या मारणारं पोर. मीही त्यातलीच होते.

हे लक्षात घ्या की ही सगळी टूल्स कुणीतरी बसून लिहिलेली आहेत. एनमॅप गॉर्डन लायन यांनी लिहिलं आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. मेटास्प्लॉइट एच. डी. मूर यांनी २००३ मध्ये सुरू केलं, आधी पर्ल भाषेत. पुढे ते रुबीत नव्याने लिहिलं गेलं. मेमरी तपासायचं 'व्होलॅटिलिटी' पायथनमध्ये आहे. या लोकांना प्रोग्रॅमिंग येत होतं, म्हणून गरज पडली तेव्हा त्यांनी हत्यार घडवलं. आपण फक्त विळा विकत आणतो. धार लावायची वेळ आली की लोहाराकडे पळतो.

"पण मॅडम, आता तर एआय कोड लिहून देतो, मग शिकायचं कशाला?" हा प्रश्न आमच्या वर्गात रोज निघतो. मीसुद्धा एआय वापरते, खोटं कशाला बोलू? पण लिहून मिळालेला कोड बरोबर की चूक हे ठरवणार कोण? साध्या असाइनमेंटमध्ये चुकलं तर दोन मार्क जातील. पुराव्याच्या कामात चुकलं तर एखादा निरपराध माणूस आत जाईल किंवा चोर सुटेल. कोर्टात वकील विचारेल, "हे तुम्हाला कसं कळलं?" तेव्हा "मशीनने सांगितलं" हे उत्तर चालणार नाही.

आता थोडं माझ्या दुसऱ्या डावाबद्दल. नशिबाने तीच फाईल माझ्या चुलत भावाच्या फोनवरही आली होती आणि त्याने ती उघडली नव्हती. (या वेळी त्याच्या फोनला कुणीही हात लावला नाही!) फाईलची एक प्रत घेऊन मी हॉस्टेलला आले. ती चालवायची नाही, फक्त वाचायची असं ठरवलं. पायथनमध्ये पहिली दोन अक्षरं छापली. 'पी' आणि 'के'! म्हणजे ही आतून झिप फाईल. झिपचा जनक फिल कॅट्झ, त्याच्या नावाची आद्याक्षरं आजही प्रत्येक एपीकेच्या तोंडावर बसलेली असतात. मग पायथनच्याच मदतीने ती उलगडली. आत 'मॅनिफेस्ट' नावाची फाईल असते, त्यात ॲपला कोणकोणत्या परवानग्या हव्यात ते लिहिलेलं असतं. त्यात मी 'एसएमएस' हा शब्द शोधला. काहीच सापडलं नाही. दोन संध्याकाळी डोकं खाजवलं. शेवटी एकेक बाईट छापून बघितला तेव्हा ट्यूब पेटली. प्रत्येक अक्षरामागे एक शून्य होतं! अक्षर दोन घरांत साठवलेलं आणि मी एका घरात शोधत होते. शोधायची पद्धत बदलली, आणि आले की महाशय बाहेर: मेसेज वाचण्याची परवानगी, मेसेज येताक्षणी मिळण्याची परवानगी. म्हणजे काकांचा ओटीपी त्यांच्या आधी चोराने वाचला होता.

सगळा प्रोग्रॅम चाळीस ओळींचा. हेच काम करणारी तयार टूल्स आहेत, हे मला नंतर कळलं. पण ते शून्य मी स्वतः बघितलं, म्हणून आता टूल जे दाखवतं त्यावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, एवढं कळायला लागलंय. मेसेज पुढे कुठे पाठवले जात होते ते मला अजून सापडलेलं नाही. तो भाग कोडमध्ये लपवलेला आहे. शोध चालू आहे.

कुणाला वाटेल, एका काकांच्या चौऱ्याऐंशी हजारांसाठी एवढा खटाटोप? मग पुण्याची कॉसमॉस बँक आठवा. ११ ऑगस्ट २०१८ ला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. आणि १३ ऑगस्टला 'स्विफ्ट' यंत्रणेतून सुमारे १४ कोटी हाँगकाँगला. एकूण सुमारे ९४ कोटी! तिजोरी कुणी फोडली नाही. एटीएमवर कार्ड घातलं की 'पैसे द्यायचे का?' असा प्रश्न एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जातो. चोरांनी मधे बनावट स्विच उभा केला आणि तोच प्रत्येक प्रश्नाला 'हो, द्या' म्हणत राहिला. मुख्य यंत्रणेपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवलं. विचार करा, असा खोटा 'हो' पकडायचा तर निरोप कुठून निघतो, कुठे थांबतो, त्यात काय लिहिलेलं असतं हे समजायला नको? हे समजणं म्हणजेच प्रोग्रॅमिंग आणि नेटवर्क. सिक्युरिटी टेस्टिंग म्हणजे चोराच्या आधी आपण त्या वाटेने चालून बघणं आणि फॉरेन्सिक्स म्हणजे चोर गेल्यावर त्याची पावलं न पुसता मोजणं.

पावलं न पुसता! हे मी आता अधोरेखित करून ठेवलंय. आणि यातला देशभर गाजलेला निकाल आपल्या शेजारच्या जालन्याच्या खटल्यातला आहे, हे कितीजणांना माहीत आहे? २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत दाखल झाला की नंतर, असा वाद होता. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण पुरावा म्हणून आलं, पण त्यासोबत लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नव्हतं. 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल' या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कलम ६५ ब चं प्रमाणपत्र हवंच. मात्र ज्याने ते मिळवायचे सगळे प्रयत्न केले, त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात आता पुराव्याचा 'हॅश'सुद्धा लिहायचा असतो.

हॅश म्हणजे फाईलचा अंगठा म्हणा ना. एसएचए-२५६ ने काढला तर ६४ अक्षरांचा. फाईलमधला एक स्वल्पविराम बदला, सगळा अंगठाच बदलतो. पायथनमध्ये चार ओळींत निघतो. आज रात्री काढून बघा, मेसमधल्या भाजीपेक्षा नक्की जास्त चव येईल!

आता एक कटू गोष्ट. शिकायच्या नादात दुसऱ्याच्या दारावर टकटक करू नका. कुणाच्या वेबसाइटवर, कॉलेजच्या सर्व्हरवर, शेजारच्या खोलीतल्या वायफायवर परवानगीशिवाय 'फक्त बघितलं' म्हणणाऱ्यालाही कायदा सोडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्याच लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन उभ्या करा, एकीवरून दुसरीवर हल्ला करा, मग हल्ल्याच्या खुणा शोधा. कुणी विचारणार नाही.

पण सगळा दोष मुलांचाच आहे का? नाही. दोन गोष्टी आपल्या सरांना आणि मॅडमना, राग मानू नये अशी विनंती करून, विचारायच्या आहेत. लॅबमध्ये प्रोग्रॅमिंग अजून जर्नलपुरतंच का? सीनिअरची जर्नल उतरवून काढणारा मुलगा टूलसुद्धा उतरवूनच वापरणार ना? आणि दुसरं. मुलांना रीतसर फोडून बघता येईल असं एक वेगळं नेटवर्क, बाहेरच्या जगाशी न जोडलेलं, चार जुन्या मशीन वापरून लॅबच्या कोपऱ्यात उभं करता येणार नाही का? ज्याला कॉलेजच्या यंत्रणेत एखादी चूक दिसली, त्याने ती न घाबरता कुठे सांगायची, याचा एक ठरलेला माणूस तरी असावा. परवानगीचं दार उघडं असेल तर खिडकीतून उड्या मारणारे कमी होतील, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि आपण काय करायचं? सी नीट शिका, मेमरी म्हणजे काय ते कळेल. पायथन रोज थोडं लिहा. एसक्यूएल शिका, म्हणजे एका अवतरण चिन्हाने अख्खा डेटाबेस कसा उघडा पडतो ते समजेल. ही तीन कामं केल्यावर मग हवं ते टूल घ्या. आणि सुट्टीत घरी गेलात की गावातल्या चारजणांना १९३० हा नंबर सांगा. त्यासाठी कुठलीच डिग्री लागत नाही.

परवा काकांचा फोन आला होता. त्या फाईलची प्रत, तिचा हॅश, ती कोणत्या दिवशी कोणत्या फोनवरून घेतली याची नोंद असा कागद मी तयार करून दिला होता, तो घेऊन ते आणि चुलत भाऊ परभणीला जाऊन आले. पैसे अजून मिळालेले नाहीत. मिळतील की नाही, सांगता येत नाही. काका म्हणाले, "साहेबानं कागद वाचला. कुणी लिहिला म्हणून विचारलं."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"ज्या पोरीनं फोन पुसला, तिनंच लिहिला म्हणलं."

लॅपटॉपवरचं ड्रॅगनचं स्टिकर मी काढून टाकलंय. खाली डिंकाचा डाग राहिलाय. तो राहू दे.