वाचून दाखवणारा कोण?

मैत्रिणींनो,

मागच्या महिन्यात राजोडीला आमच्या गटाची बैठक झाली. किनाऱ्यावरच्या सुरूंच्या सावलीत पंधरा-वीस जणी बसलो होतो. साक्षरतेचा वर्ग पुन्हा सुरू करावा का, हा विषय होता. पहाटेच्या विरार लोकलने दादरला फुलं नेणारी एक मावशी म्हणाली, "आता फोनच सगळं वाचून दाखवतो. मी बोलते, तो लिहितो. मग या वयात अक्षरं कशाला गिरवू?"

सगळ्या हसल्या. मी मात्र निरुत्तर झाले. तिचं म्हणणं उडवून लावणं सोपं होतं, पण खरं नव्हतं. जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायका कुठे शाळेत गेल्या होत्या? शहाणपण अक्षरांवाचूनही असतं, हे तर चळवळीनेच आम्हाला शिकवलं.

मला माझी आजी आठवली. ती याच गावात नांदली. तिच्या उमेदीच्या काळात देवळातला मिस्साविधी लॅटिनमधून होई. वर्षानुवर्षं तिने ते शब्द ऐकले, गुडघे टेकले. अर्थ कधी कळला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेला दार उघडलं आणि मिस्सा मराठीतून होऊ लागला. आजीला ते आधी मुळीच रुचलं नाही. "देवाशी असं बाजारातल्यासारखं बोलतात का?" असं ती म्हणे. न कळण्यातही श्रद्धेला एक गोडी असते, हे मी लहानपणीच पाहिलं.

पण पुढे एका ईस्टरला देवळातून येऊन तिने विचारलं, "कबर रिकामी आहे हे आधी बायकांनीच पाहिलं, बायकांनीच सांगितलं. मग बायकांनी वेदीपासून लांब का राहायचं?" कळलं म्हणून प्रश्न सुचला. तिची श्रद्धा सुटली नाही. ती आता तिची स्वतःची झाली. वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना अधिकृतपणे खुली व्हायला २०२१ साल उजाडलं. धर्मगुरूपद अजूनही नाही.

हा प्रश्न एका धर्माचा नव्हे. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ साली 'ज्ञानोदय'मधल्या निबंधात विचारलं होतं, की जे धर्मग्रंथ आम्हाला पाहण्याचीही मनाई, ते आमचे कसे? पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायका-मुलींनीच खिळे जुळवून ते छापलं. १९२२ साली रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. ग्रंथ बायकांना कळेल असा केला, आणि यंत्रही बायकांच्याच हाती दिलं!

आज यंत्र आपल्या प्रत्येकीच्या पिशवीत आहे. ते देवाचं सांगतं, औषधाचं सांगतं, सुनेने कसं वागावं हेही सांगतं. आवाज गोड असतो. पण काय वाचायचं आणि काय गाळायचं, हे कोण ठरवतं? फोन कुणाच्या नावावर, आणि त्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक?

त्या दिवशी मावशीला उत्तर मी दिलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या एकीने दिलं. "माझ्या भावानेसुद्धा कागद वाचूनच दाखवला होता," ती म्हणाली. "बँकेचा आहे म्हणाला. मी अंगठा दिला. ते हक्कसोडपत्र होतं. बापाच्या वाडीतलं माझं नाव गेलं."

हसणं थांबलं. कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.

फोनशी आपलं भांडण नाही. दमलेल्या डोळ्यांना तो वाचून दाखवत असेल तर जरूर ऐकावं. पण ऐकताना थांबवता यावं, मागच्या ओळीवर परत जाता यावं, "इथं हे का लिहिलंय?" असं म्हणता यावं, आणि सही करण्याआधी कागद आपल्या डोळ्यांनी पडताळता यावा. अक्षरं हवीत ती एवढ्यासाठी. देवाचा ग्रंथ असो की सातबारा, वाचून दाखवणाऱ्यावर विसंबणं ही आपली निवड असावी, नाइलाज नसावा.

वर्ग सुरू झाला आहे. फुलांची मावशी येते, रात्री, गाडीने दमून आल्यावर. परवा तिने फोनवरचा एक निरोप आधी ऐकला, मग बोट ठेवून वाचला. म्हणाली, "एक शब्द यानं चुकीचा वाचला गं!"

तुमच्या गावात कागद कोण वाचून दाखवतं? जरूर कळवा.

तुमची,
संपादक