फाइलीतले बाळंतपण

बाळंतपणाची आठवण आपल्या घरांत तोंडी राहते. कळा किती वाजता सुरू झाल्या, दवाखान्यात कोण धावले, बाळाचे वजन किती भरले, हे सारे आजी, आत्या, मावशा वर्षानुवर्षे सांगत असतात. दवाखान्याची फाइल मात्र विम्याचे पैसे मिळेपर्यंत आणि जन्मदाखला निघेपर्यंत जपली जाते. पुढे ती माळ्यावर जाते किंवा रद्दीत. साधे बाळंतपण असेल तर याने फारसे बिघडत नाही. पण सिझेरियन झाले असेल, तर त्या बाईच्या पुढच्या बाळंतपणाचा निम्मा निर्णय त्या फाइलीतल्या एका पानावर अवलंबून असतो.

आणि अशा स्त्रिया आता थोड्याथोडक्या नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के, तर देशभरच्या खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के होते. यावर ‘डॉक्टर पैशांसाठी कापतात’ विरुद्ध ‘आजच्या मुलींना कळा सोसवत नाहीत’ असा वाद चहाबरोबर रंगतो. त्या वादात एक गोष्ट हरवते. पहिले सिझेरियन झाले की दुसरे बहुधा ठरल्यासारखेच होते, आणि ते का झाले हे विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही.

माझ्या भाचीचे दुसरे सिझेरियन मध्यंतरी झाले. बाळ-बाळंतीण सुखरूप. बारसे आटोपल्यावर तिने मला विचारले, “मावशी, हे दुसरं ऑपरेशन करावंच लागलं असतं का गं?” प्रश्नात तक्रार नव्हती. आपल्या शरीराचे काय झाले, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. डिस्चार्ज कार्डावर तीन-चार शब्द होते: ‘प्रीव्हियस एलएससीएस, रिपीट एलएससीएस, अनइव्हेंटफुल’. एलएससीएस म्हणजे गर्भपिशवीच्या खालच्या भागावर छेद घेऊन केलेले सिझेरियन. थोडक्यात, आधी सिझेरियन होते, पुन्हा सिझेरियन केले, विशेष काही घडले नाही.

आम्ही रीतसर अर्ज देऊन संपूर्ण केसपेपरची झेरॉक्स घेतली आणि ओळखीच्या एका निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंबरोबर बसून ती वाचली. दोन ठिकाणी थांबावे लागले. ऑपरेशनच्या नोंदीत लिहिले होते की, आधीच्या टाक्यांमुळे मूत्राशय वर ओढले जाऊन गर्भपिशवीला घट्ट चिकटले होते आणि ते काळजीपूर्वक सोडवावे लागले. कार्डावर याचा पत्ता नाही. उद्या या मुलीच्या पोटाचे दुसरे कोणतेही ऑपरेशन करायची वेळ आली, तर सर्जनला ही ओळ आधी कळलेली बरी. दुसरी ओळ संमतिपत्रावर छापलेलीच होती: ‘पेशंट नॉट विलिंग फॉर ट्रायल’. खाली भाचीची सही. सही केल्याचे तिला आठवते. कोणी काही विचारल्याचे आठवत नाही.

ही ‘ट्रायल’ म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. १९१६ साली न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांनी एकदा सिझेरियन झाले की पुढेही सिझेरियनच, अशा अर्थाचे विधान केले आणि ते जगभर पसरले. त्या काळी पिशवीवर उभा छेद घेत, आणि तो पुढच्या कळांत उसवण्याची भीती मोठी असे. पुढे खालच्या भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रूढ झाली. असा एकच छेद असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर कळा येऊ देऊन प्रयत्न करता येतो. चारांपैकी सुमारे तिघींचे बाळंतपण साधेपणी होते. जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेंत एक असा मानतात. पण तो एक प्रसंग आला, तर मिनिटांचा हिशेब असतो. भूलतज्ज्ञ, रक्त आणि ऑपरेशन थिएटर त्या क्षणी तयार लागते.

आता तालुक्याच्या गावातले छोटे नर्सिंग होम डोळ्यांसमोर आणा. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो, रक्तपेढी दूर. अशा ठिकाणच्या डॉक्टरांनी प्रयत्न टाळला, तर मी त्याला शहाणपणच म्हणेन. पण मग कागदावर तसे लिहावे. ‘आमच्याकडे सोय नाही’ हे एक कारण झाले, ‘पेशंट तयार नाही’ हे दुसरे. पहिल्यात दुसऱ्या दवाखान्यात जाण्याची वाट मोकळी राहते. दुसऱ्यात जबाबदारी गुपचूप बाईच्या सहीखाली सरकते. माझा आक्षेप ऑपरेशनला नाही, तो या सरकवासरकवीला आहे.

असे का होते? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत असल्याचा निर्णय दिला. रुग्णाला दाद मागता आली, हे चांगलेच झाले. पण तेव्हापासून केसपेपर हा कोर्टातला पुरावाही ठरला, आणि छापील संमतिपत्रे ही डॉक्टरांची ढाल झाली. रुग्णाला माहिती देणे हे त्या कागदाचे मूळ काम मागे पडले.

कागद मागायला कचरण्याचे मात्र कारण नाही. केसपेपरची प्रत नाकारता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत मागणीनंतर ७२ तासांत कागद देण्याचे बंधन आहे. त्याच नियमावलीत एक मेखही आहे: दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षे ठेवण्याची सक्ती आहे. दोन मुलांत कित्येकदा याहून जास्त अंतर असते! भाचीचे पहिले सिझेरियन सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी झाले होते. तिथली फाइल केव्हाच नष्ट झालेली. पिशवीवरचा छेद आडवा होता की उभा, हे दुसऱ्या डॉक्टरांना कळणार कसे? पोटावरच्या व्रणावरून ते समजत नाही. मग सावध डॉक्टर पुन्हा सिझेरियनच करणार.

पुढच्या खेपेला धोका वाढतच जातो. वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडाशी असेल, तर ती जुन्या टाक्यांत रुतण्याची शक्यता दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी सुमारे ११ टक्के, तर तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के असल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसले. तिसरे मूल हवे असणाऱ्या घरांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना माझे सांगणे आहे. दवाखान्यातून निघताना बिलाबरोबर ऑपरेशनच्या नोंदीची, भूल दिल्याच्या नोंदीची आणि संमतिपत्राची प्रत मागून घ्या. कारण काय, छेद कोणता, आत काय आढळले, पुढे काय जपावे, हे चार प्रश्न डॉक्टरांना शांतपणे विचारा. बहुतेक डॉक्टर आनंदाने सांगतात. त्यांना कोणी विचारत नाही, एवढेच. बाळाचा जन्मदाखला आपण लॅमिनेट करून ठेवतो. त्याच्या आईच्या कागदांनाही त्याच कप्प्यात जागा मिळायला हवी.