मामाचे टक्कल

बँकेत मला पहिली शाखा मिळाली तेव्हा मी पस्तिशीचा होतो आणि माझे डोके पन्नाशीचे होते. त्याचा फायदाच झाला. कर्जदार अदबीने बोलत, शिपाई पहिला चहा माझ्यापुढे ठेवी, आणि वरिष्ठांचाही माझ्या अनुभवाबद्दल थोडा गैरसमज होत असावा. पुरुषाच्या टकलाची आपल्याकडे थट्टा होते, पण टक्कल म्हणजे पैसा असेही कोणीतरी लगेच म्हणते. त्यामुळे केसांचे दुःख हे हौशी लोकांचे दुःख, असे माझे साठीपर्यंत ठाम मत होते.

ते भाचीमुळे बदलले. ती जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून आम्ही पेढे वाटले होते. चोविसाव्या वर्षी तिने घरात सांगितले, की मी मुलगी आहे आणि पहिल्यापासून होते. त्या संध्याकाळी काय काय झाले ते लिहीत नाही. बहीण मला म्हणाली, "दादा, तूच समजाव." मी समजावले. अवघड प्रकरण पुढच्या तिमाहीवर ढकलायचे, ही बँकेने लावलेली सवय. "दोन वर्षे थांब," मी म्हटले, "नोकरी कायम होऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ. घाई कसली?"

ती म्हणाली, "मामा, मला नाही, माझ्या कपाळाला घाई आहे."

मला तो विनोद वाटला. पुढे तिनेच मला वाचायला लावले तेव्हा कळले, की तो हिशेब होता. पुरुषांच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन नावाचे एक तिखट भावंड तयार होते. ज्यांच्या घराण्यात टकलाचा वारसा आहे त्यांच्या डोक्यावरची केसांची मुळे ते हळूहळू आक्रसवते. केस आधी बारीक होतो, मग लव, मग तीही नाही. अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन यांनी 1942 साली हे दाखवून दिले होते. वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण निकामी झाले त्या पुरुषांना टक्कल पडत नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागले. औषध थांबवल्यावर गळती थांबली, पण गेलेले केस परत आले नाहीत. माझे 'दोन वर्षे थांब' या शेवटच्या वाक्यापाशी येऊन अडकते. थकलेला हप्ता व्याजासकट भरून घेता येतो, मुळांना ती सोय नाही. त्यातून या वारशातला एक मोठा धागा आईकडून येतो. म्हणजे आमच्याच घरातून. माझ्या डोक्याकडे पाहून निदान मला तरी हे सुचायला हवे होते.

दोन वर्षांत तिच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले. बाईच्या कपाळावरची केसांची रेषा गोलसर आणि खाली असते, पुरुषाची कोपऱ्यांत आत शिरलेली. रस्त्यावरचा माणूस हे शिकलेला नसतो, पण वाचतो मात्र बरोबर, आणि वाचून काय बोलतो तेही सांगायला नको. माझी आजी अंबाड्यात गंगावन घाली, त्याचे कोणाला काही वाटले नाही. भाची ऑफिसात टोप घालून जाऊ लागली. पुण्याच्या मे महिन्यात टोपावर हेल्मेट, आणि पार्किंगमध्ये हेल्मेट काढताना टोपही वर येईल ही रोजची धास्ती. बालगंधर्वांच्या गजऱ्यांची आणि शालूंची नक्कल आपल्या आज्या-पणज्यांनी कौतुकाने केली. अर्थात नाटकातली स्त्री पडदा पडला की घरी जाते. हिला घरीही बाईच राहायचे होते.

शेवटी एका हार्मोनतज्ज्ञाकडे गेलो. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉनला आवर घालणारे औषध सुरू झाले. गळती थांबली, काही बारीक केस जाड झाले. जोडीला डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचे औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगभर केस उगवू लागले, त्यावरून ते डोक्यापर्यंत पोचले. कोपरे मात्र उजाड ते उजाडच. आणि गंमत अशी, की ज्या हार्मोन्सनी डोके विरळ केले त्यांनीच दाढी दाट केली होती, आणि औषधाने दाढी जात नाही. तिला वेगळे लेझर.

माझ्यासारख्या मामांच्या 'थांब'मुळे काही मुली परस्पर दुकानातून गोळ्या आणून घेतात. इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होऊ शकते, आणि टेस्टोस्टेरॉन अडवायला देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढू शकते. रक्ततपासणीशिवाय हे करणे धोक्याचे. पण त्यांना दवाखान्याच्या दारातून परत कोणी फिरवले, हेही विचारायला हवे.

वर्षभर औषधे झाल्यावर केशरोपण केले. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस टकलाला बधत नाहीत, आणि पुढे लावले तरी तो गुण सोडत नाहीत. विम्याचा अर्ज मी स्वतः भरला. 'सौंदर्योपचार' असा शेरा मारून तो परत आला. आयुष्यभर मी असेच शेरे मारले आहेत, त्यामुळे लिहिणाऱ्यावर रागावता येईना. पण 2019 साली तृतीयपंथीयांसाठी झालेल्या कायद्यात विम्याच्या तरतुदीत हार्मोन आणि लेझर उपचारांचा स्पष्ट उल्लेख होता. दाढी काढणे हा उपचार मानला, तर कपाळ झाकणे ही चैन कशी? भाजलेल्या चेहऱ्यावर नवी कातडी बसवतात तेव्हा कोणी त्याला नटणे म्हणत नाही. एखादीला लोकांत निर्धास्त फिरता येण्यासाठी जे लागते ते उपचारच, असे माझे मत आहे, आणि या वेळी मी ते पुढच्या तिमाहीवर ढकलणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात लावलेले केस गळाले. तसे होणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, तरी रात्री अकराला तिचा रडत फोन आला. चौथ्या महिन्यात कोंब दिसले. मागच्या रविवारी गेलो तर बहीण तिला तेल लावत होती. मधोमध भांग पाडून पाहिला, मान हलवली, पुसून बाजूला पाडला. "मध्ये अजून विरळ दिसतंय गं," ती म्हणाली. भाची आरशातून माझ्या डोक्याकडे बघत होती.