बर्फातले तीन नकार

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जाऊ लागला, की आमच्या घरात सहलीचे बेत वर येऊ लागतात, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊकच आहे. चकलीच्या शेवटच्या तुकड्यावरून होत नाही एवढा वाद 'यंदा जायचे कुठे' यावरून होतो. एका वर्षी मात्र तो झालाच नाही. चिरंजीवांनी 'बर्फ' एवढा एकच शब्द उच्चारला, सौभाग्यवतींनी त्याला तत्काळ अनुमोदन दिले, आणि आयुष्यात बर्फ म्हणून फक्त गोळेवाल्याच्या गाडीवरची लादी पाहिलेल्या आमच्या आईने, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, "मलाही बघायचाय" असे जाहीर करून टाकले. संक्रांत झाली की दुसऱ्या दिवशी निघायचे, ठिकाण मनाली, असे सर्वानुमते ठरले. तिळगुळाचा एक डबा आईने बरोबर घेतला. परमुलखात कोणाला काय द्यावे लागेल याचा नेम नाही, असे तिचे म्हणणे.

मुंबई समुद्राच्या पायाशी, तर मनाली सुमारे २,००० मीटर उंचावर. आम्ही कपाटातले होते नव्हते ते जाड कपडे बांधून घेतले. तिथे गेल्यावर कळले, की थंडीशी लढायचे ते जाडीने नव्हे, थरांनी. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर स्वेटर, आणि सर्वांत वर वारा व ओल अडवणारा कोट. या थरांमध्ये कोंडलेली हवाच ऊब धरून ठेवते. आमची लाडकी सुती बनियन इथे वैरीण ठरली. चार पावले चढून घाम आला, की ती अशी गार पडे, की तापकऱ्याच्या कपाळावरची ओली घडी कोणी आपल्या पाठीवर ठेवली आहे असे वाटावे.

पहिल्याच रात्री बर्फ पडला, आणि आम्हाला पत्ताही लागला नाही! आपला पाऊस येतो तो पत्र्यावर ताशा वाजवीत. बर्फ येतो चोरपावलांनी, आणि आल्यावर इतरांचेही आवाज गिळून टाकतो. ताज्या बर्फात बर्फ थोडा आणि हवाच फार. त्या पोकळ्यांत आवाज जिरून जातो. सकाळी आईने आपली काळी शाल अंगणात पसरून धरली आणि नातवाने तिच्यावर पडलेल्या कणांची टोके मोजली. सहा! दुसरा घेतला, सहा! हा कण षट्कोनीच का, या प्रश्नावर योहानेस केपलर या ज्योतिर्विदाने १६११ साली एक छोटी पुस्तिका लिहिली होती, आणि जपानमध्ये उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत असा कण तयार करून दाखवला. हे सारे आम्ही चिरंजीवांना मोठ्या ऐटीत सांगत होतो. आईने मात्र शालीवर वाकून, "अरे, ही तर सहा पाकळ्यांची रांगोळी" एवढ्यातच निकाल लावला.

दुसऱ्या दिवशी सोलंगला गेलो. वाटेवर लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारी दुकाने ओळीने लागतात. ते कोट चढवल्यावर आम्ही चौघे गादीवाल्याच्या दुकानातून पळून आलेल्या गाद्यांसारखे दिसत होतो. काळे चष्मे मात्र शोभेचे नव्हेत. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या उजेडातला शंभरातला ऐंशीहून अधिक भाग परत फेकतो, आणि उघड्या डोळ्यांनी दिवसभर त्याकडे पाहिले तर रात्री डोळ्यांत वाळू शिरल्यासारखी आग होते. चिरंजीव हवा भरलेल्या ट्यूबवर बसून उतारावरून सुटले, सौभाग्यवती त्यांच्यामागून किंचाळत सुटल्या, आणि आम्ही स्कीइंगच्या वाटेला गेलो. मनालीत १९६१ साली पर्वतारोहणाची संस्था निघाली. तिच्यामार्फत हिवाळ्यात या खेळाचे रीतसर वर्गही भरतात. आमचा शिक्षक विशीतला होता. त्याने पहिला धडा दिला तो पडण्याचा. तोल गेला की मागे नव्हे, कुशीवर पडावे. मग उठण्याचा. मग थांबण्याचा: पट्ट्यांची पुढची टोके जवळ, मागची लांब. धावण्याचा धडा सर्वांत शेवटी! या क्रमातच त्या मुलखाचे सारे शहाणपण आहे, हे आम्हाला तेव्हा उमगले नाही. ते दुपारी उमगायला लागले.

एक वाजला असेल. चिरंजीवांना आता बोगदा पाहायचा होता. ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा. त्याच्या माथ्यावर रोहतांगची खिंड, ३,९७८ मीटर उंच. पूर्वी हिवाळ्यात ती खिंड बंद झाली, की पलीकडचा लाहुल प्रांत जवळजवळ सहा महिने जगाला पारखा होई. आता मोटारीत बसायचे, बोगद्यात शिरायचे, की थोड्याच वेळात पलीकडे चंद्रा नदीचे खोरे! आम्ही गाडीकडे आलो. ड्रायव्हर वर पाहत उभा होता.

"आज नहीं, बाबूजी."

ऊन तर लख्ख पडले होते. त्याने पश्चिमेच्या कड्यामागची एक करडी रेघ दाखवली. आम्ही म्हणालो, गाडी चारही चाकांनी जोर घेणारी आहे, मग भीती कशाची? तो शांतपणे म्हणाला, की चार चाके गाडी पुढे नेतात, थांबवत नाहीत. दिवसा वितळलेले पाणी ऊन ढळले की रस्त्यावर काचेसारखे गोठते. वरून पाहिले तर रस्ता नुसता ओला दिसतो. त्याच्यावर ब्रेक दाबणे म्हणजे गाडी देवाच्या हवाली करणे. आम्ही मध्यमवर्गीय माणसे. आम्हाला बर्फाचे नियम ठाऊक नसले तरी पैशाचे असतात. आम्ही आमच्या मुंबई हिंदीत त्याला सुनावले, की पूर्ण दिवसाचे पैसे मोजले आहेत.

"पैसे वापस ले लीजिए. गाड़ी नहीं जाएगी."

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. चार वाजता बर्फ सुरू झाला. आमच्या शेजारच्या खोलीतले कुटुंब त्याच दुपारी बोगद्यापलीकडे गेले होते. ते रात्री दीड वाजता परतले, तेही गाडी वाटेत सोडून, लहान मुलीला पाठुंगळी घेऊन, भिजल्या बुटांनी. हा काही नवलाचा प्रकार नव्हे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस याच रस्त्यावर शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या, आणि पोलिसांना हजारो प्रवाशांची सुटका करावी लागली होती.

पण आम्हाला खरा धडा मिळाला तो त्याच रात्री, आमच्याच खोलीत. वीज गेली होती. आईला खोकला लागला होता आणि तिचे पाय काही केल्या ऊब धरीनात. आम्ही हॉटेलातल्या म्हाताऱ्या नोकराकडून, ज्याला सगळे चाचा म्हणत, कोळशाची शेगडी मागवली. त्याने ती आणली, दार उघडे ठेवून दहा मिनिटे आईचे पाय शेकू दिले, आणि मग उचलून चालू लागला. आम्ही म्हणालो, रात्रभर राहू दे. त्याने मान हलवली. आम्ही बक्षिसी पुढे केली. त्याने पुन्हा मान हलवली. आमचा आवाज चढला. म्हातारी माणूस थंडीने कुडकुडते आहे आणि तुम्ही शेगडी नेता?

चाचाने आम्हाला खाली आपल्या खोलीत नेले. तिथे लोखंडी चूल पेटली होती. त्या बाजूला तिला तंदूर म्हणतात. तिच्यातून निघालेली नळी थेट भिंतीतून बाहेर गेली होती. त्याने नळीकडे बोट दाखवले, मग शेगडीकडे. "इसका धुआँ बाहर जाता है. इसका कहाँ जाएगा?" मग खाली बघत म्हणाला, की कोळशात जो धूर डोळ्यांना दिसत नाही तोच माणसाला झोपवतो. बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत.

म्हाताऱ्याने सांगितले ते अक्षरशः खरे आहे. कोंडलेल्या जागेत कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवते. आधी डोके जड होते, मग झोप येते, आणि ही झोप थंडीत सुखाची वाटते, हाच घात! आईला त्या रात्री दोन रजया, गरम पाण्याची पिशवी आणि कोरडे लोकरी मोजे एवढ्यावर छान झोप लागली. आम्हाला मात्र लागली नाही. अंधारात तिच्या श्वासाचा आवाज आम्ही पहाटेपर्यंत ऐकत होतो. दाराला आतून कडी घालून, फटींना टॉवेल लावून, चौघांच्या मध्ये ती शेगडी ठेवण्याची सारी तयारी आम्हीच तर केली होती.

तिसरा नकार देवांचा. मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या गावांत समजूत अशी, की संक्रांतीला देव स्वर्गात जातात आणि ४२ दिवस तिथेच असतात. तोवर देऊळ बंद, घंटा मुकी, शेतीचे काम नाही, घरांत रेडिओ-टीव्हीचा आवाज नाही. आम्ही लाकूड-दगडांचे थर रचून बांधलेली जुनी घरे बघत त्या गावात फिरत होतो, आणि चिरंजीवांच्या फोनवर गाणे ठणाणत होते. पट्टू पांघरलेली एक आजी ओसरीवर आली आणि तिने ओठांवर बोट ठेवले. रागावली नाही. चिरंजीवांनी फोन बंद केला. मग ऐकू आले ते फक्त पागोळ्यांचे थेंब आणि खाली बियासचे पाणी. अलीकडे लाहुलातल्या सिस्सू गावानेही हिवाळी सणांच्या दिवसांत पर्यटकांना न येऊ देण्याचा निर्णय घेतला आहे. आम्हा शहरी माणसांना याचा राग येतो. पण आपल्याकडे गौरी जेवायला बसल्या असताना कोणी दारात ढोल बडवू लागला, तर आपण काय करू?

बर्फाच्या मुलखात जाऊ नका, असे सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. जरूर जा, मुलांना न्या, आईवडिलांना न्या. तुपात बुडवलेला वाफाळता सिड्डू खा. तहान लागली नाही तरी पाणी पीत राहा, कारण कोरडी थंड हवा अंगातली ओल नकळत ओढून घेते. मात्र आपण भाड्याने घेतो ते कोट आणि बूट; बर्फ कोणी भाड्याने देत नाही. जो माणूस 'चला' म्हणतो त्याला पैसे द्या, आणि जो 'नाही' म्हणतो त्याचे ऐका.

निघण्याच्या दिवशी आईने तिळगुळाचा डबा काढला. एक वडी चाचाच्या हातावर ठेवली, एक ड्रायव्हरच्या. आम्ही कौतुकाने त्यांना आपल्या सणाची रीत समजावून सांगू लागलो, की तिळगूळ देताना आम्ही 'गोड बोला' असे म्हणतो. आईने आम्हाला मध्येच थांबवले.

"यांना नको सांगूस ते," ती म्हणाली. "हे बोलले तसंच बोलू देत."