छापून आलेला चीन

आपल्यापैकी किती जणांनी चीन पाहिला आहे? आमच्या वर्गात तरी एकानेही नाही. आणि तरीही चीनविषयी मत नसलेला एकही विद्यार्थी मला अद्याप भेटलेला नाही. चीन कपटी आहे, चीन बलाढ्य आहे, चीनचा माल टिकत नाही, चीन आतून पोखरला आहे, चीन उद्या जगावर राज्य करणार आहे, ही सारी मते कॅन्टीनच्या एकाच टेबलावर, कधी कधी तर एकाच तोंडून ऐकायला मिळतात. न पाहिलेल्या देशाविषयी इतकी ठाम मते येतात कुठून? थोडी पाठ्यपुस्तकातून, थोडी आजोबांच्या बासष्टच्या आठवणींतून. पण रोजचा रतीब घालते ते वर्तमानपत्र. आता ते पुष्कळदा मोबाइलवर वाचले जाते, एवढाच काय तो फरक.

वृत्तपत्रे खोटे छापतात, असा सोपा आरोप मला करायचा नाही. खरी गोष्ट त्याहून अवघड आहे. अमेरिकेत वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या दोघा पत्रकारांनी १९२० साली एक चिकाटीचे काम केले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने रशियन क्रांतीसंबंधी मार्च १९१७ पासून तीन वर्षांत छापलेल्या तीन हजारांहून अधिक बातम्या त्यांनी एकेक करून तपासल्या. पत्र निवडले तेही नामांकित. एखादे सनसनाटी पत्र घेतले असते तर त्यात नवल ते काय! निष्कर्ष काय निघाला? बोल्शेविक सत्ता कोसळली किंवा आता कोसळणारच, असे या पत्राने ९१ वेळा सांगितले होते. लेनिन पळाला, लेनिन तुरुंगात पडला, लेनिन मारला गेला, हेही छापून झाले होते. प्रत्यक्षात लेनिन १९२४ पर्यंत जगला आणि त्याने उभी केलेली राजवट १९९१ पर्यंत टिकली. या दोघांनी कुणा कारस्थान्यावर बोट ठेवले नाही. बातमीदार आणि संपादक यांच्या मनातली आशा आणि भीती हीच बातमीची निवड करीत होती, असे त्यांचे म्हणणे. नव्वद वेळा चुकूनही एक्याण्णवाव्या वेळी तीच बातमी छापाविशी वाटते, कारण ती खरी ठरावी असे छापणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही मनापासून वाटत असते!

आता आपल्याकडे वळू. १५ जून २०२० च्या रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान हुतात्मा झाले. चीनने आपल्या मृतांचा आकडा त्या वेळी सांगितलाच नाही; चार जणांची नावे त्याने जाहीर केली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांनी. तो आकडाही खराच असेल असे मानण्याचे कारण नाही. पण मधल्या काळात आपण काय वाचले? कुणी पस्तीस म्हटले, कुणी त्रेचाळीस. आधार कोणता, तर ‘सूत्रांनी सांगितले’. ही सूत्रे कोण, त्यांना कसे कळले, हे विचारायचे नसते. शोकात असलेल्या वाचकाला आपल्यापेक्षा मोठा आकडा हवा होता आणि तो त्याला मिळाला. त्याच महिन्याच्या अखेरीस ५९ चिनी ॲपवर बंदी आली. चिनी दूरदर्शन संच रस्त्यावर फोडणाऱ्यांची छायाचित्रे पहिल्या पानावर झळकली. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, भारत आणि चीन यांचा व्यापार शंभर अब्ज डॉलरच्या वर गेला. ही बातमीही आली, नाही असे नाही. पण ती अर्थविषयक पानावर. ते पान आमच्या वसतिगृहात समोशाखाली असते.

दोष एकट्या संपादकांचा नाही, हेही मान्य केले पाहिजे. २०२३ च्या आरंभी भारतीय माध्यमांचे मिळून चार बातमीदार चीनमध्ये होते. दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या बातमीदारांच्या व्हिसाची अडवणूक केली आणि वर्षाच्या मध्यापर्यंत चारांतला एकही तिथे उरला नाही. एवढा मोठा शेजारी, आणि त्याच्या घरात आपला एकही माणूस नव्हता! मग बातमी येते ती पाश्चात्त्य वृत्तसंस्थांकडून, नाहीतर दिल्लीतल्या दालनांतून. म्हणजे आपण चीनकडे पाहतो तेही दुसऱ्याचा चष्मा लावून.

शत्रुत्वाच्या बातम्याच तेवढ्या दिशाभूल करतात, असे मात्र कुणी समजू नये. मैत्रीचेही तेच. १९५४ च्या पंचशील करारानंतर ‘हिंदी-चिनी भाई भाई’चा गजर सुरू झाला. त्याच काळात अक्साई चीनमधून चीन रस्ता बांधीत होता. रस्ता पूर्ण झाल्याची बातमी १९५७ साली चिनी वृत्तपत्रात उघडपणे छापून आली! ती आपल्या वकिलातीने वाचली. आपल्या जनतेला ती कळली १९५९ साली, पंडित नेहरूंनी संसदेत सांगितल्यावर. चिनी वाचकाला ठाऊक असलेली गोष्ट भारतीय वाचकाला दोन वर्षे ठाऊक नव्हती. भाबडेपणाची ही किंमत पुढे हिमालयात कुणी मोजली, ते सांगायला नको.

आणि द्वेषाची किंमत? ती चीनने मोजली नाही. १९६२ च्या युद्धानंतर आसाम, बंगालकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानात देवळी येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांत बायका होत्या, शाळकरी मुले होती. लढाई महिनाभरात थांबली. त्यांतल्या कित्येकांना सुटायला वर्षे लागली. २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत तर ईशान्य भारतातून शिकायला आलेल्या मुलामुलींना आपल्याच शहरांतल्या रस्त्यांवर ‘चिनी’ म्हणून हिणवले गेले. मणिपूर, नागालँड कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या माणसालाही शत्रूचा चेहरा कसा असतो ते बरोबर ठाऊक होते. तो चेहरा त्याने कुठे पाहिला होता?

‘सीमेवर जवान मरत असताना तुला चीनचा पुळका का?’ असे मला एका मित्राने विचारले. पुळका मुळीच नाही. ज्याच्याशी गाठ आहे त्याची खरी ताकद, खरी दुखणी, खरे हेतू कळायला हवेत, असे सेनापतीला वाटते. मग नागरिकाला का वाटू नये? चीनची वृत्तपत्रे पक्षाच्या मुठीत आहेत, तिथल्या वाचकाला हा प्रश्न विचारण्याची सोयच नाही. आपल्याला आहे. ती सोय न वापरणे याला मी तरी देशभक्ती म्हणणार नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, जपानी आक्रमणात जखमी झालेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले आणि १९४२ साली तिथेच त्यांचा अंत झाला. चीनमध्ये राहून त्यांनी तिथली भाषा आत्मसात केली होती. शांतिनिकेतनात चीना भवन १९३७ पासून आहे. आमच्या महाविद्यालयात फ्रेंच शिकवतात, काही वर्षे जर्मनही शिकवत असत. चिनीचा वर्ग कधी निघाला नाही. यंदा आम्ही काही विद्यार्थ्यांनी तसा अर्ज प्राचार्यांकडे दिला आहे. अर्जावर अकरा सह्या आहेत. वर्गासाठी किमान पंधरा लागतात असे कार्यालयातून कळले.